‘शाळा’ : मुलींच्या रांगेतून वाचताना

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली मौज प्रकाशन गृहाने प्रसिद्ध केली. माझ्या हाती ती पुढच्या वर्षी आली, तीही योगायोगाने. पुण्याचा मावसभाऊ एका लग्नासाठी इंदूरला आला होता. गाडीत वाचायला घेतलेले पुस्तक तो आमच्याकडे विसरून गेला आणि मी ते दोन रात्रींत वाचून काढले. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून मी एकटीच इतकी हसत होते की हे उठून पाहायला आले.

हसण्याचे कारण साधे होते. कादंबरीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या वर्षी नववीत आहे. मीही त्याच वर्षी नववीत होते. आपल्याच वयाचे, आपल्याच वर्षाचे कोणी तरी पुस्तकातून बोलत आहे, असा अनुभव वाचकाला क्वचित येतो. त्या वेळी मी अठरा वर्षे मराठी साहित्य शिकवत होते, प्रबंधही कादंबरीवरच लिहिलेला होता. पण त्या दोन रात्री निवेदन, दृष्टिकोन, काळाची हाताळणी यांपैकी काहीही मनात आले नाही. मुकुंद, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या यांच्याबरोबर मी वर्गात बसले होते, एवढेच.

नंतरच्या वर्षांत ‘शाळा’ मी आणखी दोनदा नीट वाचली. तीन वाचनांत तीन निरनिराळ्या प्रतिक्रिया झाल्या, आणि दुसरी पहिलीच्या अगदी विरुद्ध होती. एकाच कादंबरीने एकाच वाचकाला असे का वागवावे, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात थोडे खाजगी सांगावे लागेल.

आधी पहिल्या वाचनातल्या आनंदाचे कारण. ‘शाळा’ प्रथमपुरुषी आहे, पण या प्रथमपुरुषामागे मोठा झालेला माणूस उभा नाही. ‘कोसला’शी तुलना केली की हे स्पष्ट होते. १९६३च्या त्या कादंबरीत पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर मागे वळून आपल्या शिक्षणाचा, वसतिगृहाचा, घराचा हिशेब मांडतो. घडून गेलेल्या गोष्टींकडे पाहण्याची एक तिरकी, दुखरी नजर त्याला मिळालेली आहे. मुकुंदला ती मिळालेली नाही. त्याला जे कळते ते नववीतल्या मुलाला कळते तेवढेच, आणि जे कळत नाही ते लेखक मागच्या दाराने आपल्याला सांगत नाही. मोठ्यांच्या लेखनातले बालपण बहुधा साखरेत घोळलेले असते. इथे वर्गाचा घामट वास आहे, पोरांच्या शिव्या आहेत, मास्तरांना पाडलेली नावे आहेत, आणि एखादी मुलगी आपल्याकडे बघते की नाही यावर दिवस बरा की वाईट ते ठरते. बोकील समाजशास्त्राचे अभ्यासक. ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हे पुस्तक लिहिणारा माणूस नववीच्या वर्गाकडेही त्याच चौकस नजरेने पाहतो. फरक एवढाच की इथे निरीक्षकाने स्वतःला पूर्ण लपवले आहे.

आमच्या इंदुरी वाचकाला मात्र काही गोष्टी अडतात. महाराष्ट्रात १९७५ सालापर्यंत दहावीची शालान्त परीक्षा सुरू झालेली होती. मध्य प्रदेशात तेव्हा अकरावीची उच्चतर माध्यमिक पद्धत होती. नववीत पाऊल टाकतानाच आम्हाला विषय निवडावे लागत. गणित, जीवशास्त्र, वाणिज्य, कला किंवा मुलींसाठी गृहविज्ञान. पुढच्या आयुष्याचा रूळ चौदाव्या वर्षीच टाकला जाई. आमची शाळा मराठी माणसांनी चालवलेली, पण हिंदी माध्यमाची, आणि सहशिक्षणाची. शाळेत हिंदी, घरात मराठी, आणि गल्लीत दोहोंची खिचडी. त्यामुळे ‘लाइन’ हा ‘शाळा’तल्या मुलांचा लाडका शब्द मला लगेच कळला, पण आमच्याकडची मुले ‘लाइन मारत’. मारणे ही मुलाची क्रिया. ‘अमकी माझी लाइन’ असे म्हटले की ती मुलगीच लाइन होते, एक वस्तू होते. हा भेद मला पहिल्या वाचनात जाणवला नव्हता.

आणीबाणीचेही तसेच. २५ जूनच्या रात्री ती लागू झाली आणि आमच्या शाळा १ जुलैला उघडल्या. शाळेची घंटा झाली तेव्हा आणीबाणी आठवड्याचीही नव्हती. दादा सरकारी कचेरीत होते. ते संध्याकाळी रेडिओचा आवाज लहान करून कान लावून बसत, आणि आम्ही खोलीत शिरलो की काटा फिरवून गाणी लावत. मला एवढीच आणीबाणी माहीत. कादंबरीतही ती अशीच कडेकडेने वावरते. शाळेतली शिस्त आणि देशातली शिस्त यांची सांगड घालून ‘शाळा’चे रूपकात्मक वाचन करण्याचा मोह अभ्यासकांना होतो, माझे विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत ते हटकून लिहितात. मला ते ताणलेले वाटते. मुकुंदला आणीबाणी समजत नाही आणि लेखक ती त्याला समजावून देत नाही, हेच तिथे योग्य आहे.

दुसरे वाचन सात-आठ वर्षांनी झाले, शिकवण्यासाठी. एम.ए.चा वर्ग, अकरा विद्यार्थी, त्यांत आठ मुली. मी आरामात, रंगून शिकवत होते. मुकुंदच्या मनात शिरोडकरविषयी काय काय चालते ते सांगून झाले आणि एका मुलीने विचारले, “मॅडम, पण शिरोडकरला हे सगळे दिवसभर कसे वाटत असेल? म्हणजे, चार जण आपल्याला बघताहेत हे तिला माहीत असेलच ना?”

मी ठराविक उत्तर दिले. निवेदक मुकुंद आहे, त्यामुळे तिच्या मनात शिरण्याची सोय नाही. ही निवेदनपद्धतीची मर्यादा आहे. मुलीने मान डोलावली आणि वहीत ‘मर्यादा’ असे लिहून घेतले. घरी आल्यावर मी पुस्तक पुन्हा काढले, आणि या वेळी मला हसू आले नाही.

या वाचनात पहिली गोष्ट दिसली ती जागेची. या मुलांजवळ एक ‘बिल्डिंग’ आहे. बांधकाम अर्धवट राहिलेल्या त्या इमारतीत ही चौकडी बसते, गप्पा मारते, येणारी-जाणारी माणसे बघते. वय वाढण्यासाठी माणसाला जागा लागते, जिथे कोणी ‘काय करतोस इथे’ असे विचारत नाही. मुकुंदचे वाढणे बरेचसे या बिल्डिंगमध्ये झाले आहे. मग मुली कुठे बसत असतील? मी माझ्यापुरते आठवून पाहिले. नंदलालपुऱ्याजवळच्या आमच्या वाड्यात गच्ची होती, पण तिथे वाळवणे असत आणि वाळवणांपाशी आजी असे. शाळा सुटायची ५ वाजून १० मिनिटांनी. घर पंधरा मिनिटांवर. साडेपाचनंतर उंबरठा ओलांडला तर कारण सांगावे लागे, आणि ‘मैत्रिणीशी बोलत होते’ हे कारण महिन्यातून एकदाच चाले. रस्ता मुलांसाठी थांबण्याची जागा होती. आमच्यासाठी तो मोजून दिलेला वेळ होता. शिरोडकर मुकुंदला दिसते ती वर्गात, रस्त्यावर, येता-जाता. तिच्या चालण्याकडे त्याचे बारीक लक्ष आहे. ती भरभर का चालते, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण त्या वयाच्या मुलाला तो पडत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. ती सबंध पुस्तकभर ‘शिरोडकर’ आहे. वर्गात हजेरी आडनावाने घेतली जाते, तेव्हा हे अगदी खरे आहे आणि त्यात एक गंमतही आहे. पण आडनाव म्हणजे वडिलांचे घर. मुकुंद त्या घराच्या बाहेर उभा असतो, आणि आपणही.

इथे प्रकाश नारायण संतांच्या लंपनची आठवण येते. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ या पुस्तकांतला लंपन बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत बोलतो. संतांचे बालपण बेळगावचे, आणि ही भाषा त्यांच्या अंगातच होती. लंपनलाही एक सुमी आहे. पण ती त्याच्या रोजच्या जगातली आहे, तिचे बोलणे आपल्याला ऐकू येते, आणि म्हणून ती केवळ पाहण्याची गोष्ट होत नाही. लंपन मुकुंदपेक्षा लहान आहे, हे अर्थात खरे. घरे एकमेकांना उघडी असतात ती मुले लहान असेपर्यंतच. नववीत ती बंद होतात, आणि ‘शाळा’ नेमकी त्या बंद दारापाशी सुरू होते.

आता खाजगी गोष्ट.

नववीत मी गणित घेतले होते. गणितवाल्या वर्गात आम्ही चारच मुली होतो आणि पहिल्या दोन बाकांवर बसत होतो. दिवाळीनंतर एकदा भूमितीच्या वहीत घडी घातलेला कागद निघाला. पत्र हिंदीत होते, अक्षर वळणदार, वर एका सिनेमाच्या गाण्याची ओळ. त्यात वावगे काहीही नव्हते. मी दिवसभर तो कागद कंपासपेटीच्या तळाशी ठेवला आणि रात्री अंथरुणात शिरून बॅटरीच्या उजेडात आणखी दोनदा वाचला. पत्र मला आवडले होते. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलेले नाही, बोललेले तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पत्र वर्गाच्या बहनजींच्या हातात दिले. का दिले, याचे खरे उत्तर मला आजही नीट देता येत नाही. भीती होती. आपल्याजवळ ते सापडले तर आपणच गुन्हेगार ठरू, हे कोणी न शिकवता ठाऊक होते. आपण ‘तशी’ मुलगी नाही हे सिद्ध करण्याची घाईही असेल. मुलाला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभे करून छड्या मारल्या. मी तिसऱ्या रांगेत उभी होते. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.

माझ्यावर कोणी हात उचलला नाही. दादांना शाळेत बोलावले गेले. ते घरी आले, चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि आईला म्हणाले, “पुढच्या वर्षी हिला मुलींच्या शाळेत घालू.” मुलींच्या त्या शाळेत गणित नव्हते. गृहविज्ञान आणि कला होती. मी कला घेतली, पुढे मराठी घेतले, आणि इथवर आले. मराठीने मला पुष्कळ दिले. गणितात मी फार मोठी झाले असते असाही माझा दावा नाही. पण निवड माझी नव्हती. मुख्य म्हणजे, पत्र मी दाखवले नसते तर ती हुकली नसती, आणि दाखवले नसते आणि सापडले असते तर तरीही हुकली असती.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत तो मुलगा भेटला. आता टक्कल पडलेला, हसरा, दोन मुलींचा बाप. त्याने स्वतःहून त्या छड्यांची गोष्ट काढली आणि साग्रसंगीत सांगितली. हेडमास्तरांची नक्कल केली. टेबलावरचे सगळे पोट धरून हसले, मीही हसले. गोष्ट फार छान सांगत होता तो. त्याच्या गोष्टीत पुढे मुलीचे काय झाले हे नव्हते, कारण ते त्याला माहीत नव्हते. पुढच्या वर्षी मी शाळेत दिसले नाही, एवढेच त्याला आठवत होते. “तुमच्या दादांची बदली झाली होती ना?” त्याने विचारले. मी हो म्हटले.

दुसऱ्या वाचनानंतर माझी प्रतिक्रिया रागाची होती. पुढच्या तासाला मी वर्गात ‘शाळा’वर जरा कडवट बोलले. मुलांचे बालपण म्हणजेच बालपण, असे मराठी कादंबरीने गृहीत धरले आहे. १९३३ साली विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’वर केवढा गहजब झाला, आणि तरी मुलीचे वाढणे आपल्याकडे अजून कथेच्या समासातच आहे, असे बरेच काही. त्यात तथ्य आहे. पण त्याचे खापर ‘शाळा’वर फोडणे चुकीचे होते, हे तिसऱ्या वाचनात पटले.

तिसऱ्या वेळी मी सुट्टीत, कोणतेही टिपण न काढता वाचले, आणि मुकुंदला काय दिसते याऐवजी त्याला काय दिसत नाही तिकडे लक्ष ठेवले. तेव्हा लक्षात आले की कादंबरी आपल्या निवेदकाच्या अज्ञानाशी विलक्षण प्रामाणिक राहिली आहे. मुकुंद शिरोडकरच्या मनातले ओळखल्याचा आव आणत नाही. तो सतत अंदाज करतो, हिशेब मांडतो, चुकतो, पुन्हा मांडतो. तिच्याशी होणारे मोजके बोलणे तो दहादा उलगडून पाहतो. सुऱ्याचे धाडस अंगाशी येते, तेव्हा त्या प्रकरणातली मुलगीही आपल्याला बाहेरूनच दिसते. आणि शेवटी शिरोडकर गाव सोडून गेलेली असते. घर रिकामे. मुकुंदला उरते ती फक्त तिची गैरहजेरी. मनात दाटलेले सगळे घेऊन त्याला दहावीत जायचे आहे.

एखाद्या कमी ताकदीच्या लेखकाने इथे तिचे एक पत्र ठेवले असते. तिच्या मनातले सांगून वाचकाला निवांत केले असते. बोकील तसे करत नाहीत. घरे बदलतात, बदल्या होतात, हे आपण जाणतोच, त्यात कोणाचा दोष नसतो. पण मुलगी अशी एकाएकी शाळेतून दिसेनाशी होणे म्हणजे काय, याची प्रत्येक वाचकाला आपापली माहिती असते. माझी मी वर सांगितली. कादंबरी ती जागा मोकळी ठेवते म्हणूनच मला तिथे जाऊन बसता आले. ज्या मुलीने ‘मर्यादा’ असे लिहून घेतले होते, तिला मी आता वेगळे उत्तर देईन.

याच कारणासाठी विद्यार्थ्यांनी सुजय डहाके यांचा ‘शाळा’ हा चित्रपट कादंबरीनंतर पाहावा, आधी नाही, असा माझा आग्रह असतो. चित्रपट चांगला आहे, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण पडद्यावर शिरोडकरला चेहरा आहे, डोळे आहेत, आणि ती बघते तेव्हा आपल्याला तिच्या बघण्याचा अर्थ लागतो. कादंबरीतल्या मुकुंदला एवढी मदत कोणी केलेली नाही.

तिसऱ्या वाचनानंतर मी वर्गात एक स्वाध्याय सुरू केला. शिरोडकरच्या बाकावरून एक पान लिहायचे. घटना कादंबरीतल्याच, नवी घटना घालायची नाही. पहिल्या वर्षी आलेल्या पानांनी मला बरेच शिकवले. मुलांपैकी दोघांनी शिरोडकरच्या मनात केवळ मुकुंदच भरला. सकाळी उठल्यापासून ती त्याचाच विचार करते, बिचारीला गृहपाठही नाही. तिसऱ्याने तिची वेणी, फ्रॉक आणि दप्तर यांचे सुरेख वर्णन केले आणि पान संपले. “आत जाता येईना, मॅडम,” असे त्याने खाली प्रामाणिकपणे लिहिले होते. त्याला मी सर्वांत जास्त गुण दिले. मुलींच्या पानांत मुकुंद जेमतेम दोन-तीन ओळी होता. बाकी पानभर आई होती, धाकटा भाऊ होता, कपड्यांवर डाग पडेल अशी धास्ती होती, इंग्रजीचा पेपर होता. एकीने अर्धे पान मराठीत आणि अर्धे हिंदीत लिहिले. मी विचारले तर म्हणाली, “मॅडम, ती घरात मराठीत विचार करते आणि रस्त्यावर हिंदीत.” ‘शाळा’तल्या शिरोडकरला हे लागू नाही, असे मी सांगायला हवे होते. सांगितले नाही.

दुसऱ्या एका मुलीने लिहिले होते की शिरोडकरला मुकुंद आवडत होता, आणि हे आपल्या तोंडावर दिसू नये याचाच सगळा वेळ तिने सराव केला. ते पान मी परत करायला विसरले. अजून माझ्या ‘शाळा’च्या प्रतीत आहे.

यंदा स्वाध्यायात थोडा बदल केला आहे. बाकावरून लिहिण्याऐवजी, शिरोडकरचे घर रिकामे झाले त्याच्या आदल्या रात्री त्या घरात काय काय बांधले गेले आणि ते कोण बांधत होते, एवढेच लिहायला सांगितले आहे. शब्दमर्यादा तीनशे. वह्या सोमवारी येतील.